सायकलचा दिवा: अंधारात कामावर जाताना या चुका टाळा

जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सातची पहिली पाळी गाठायची तर पंचवटीतून सहाच्या सुमारास निघावं लागतं, आणि गोदावरी ओलांडून त्र्यंबक रोडने सातपूर एमआयडीसीकडे जाताना बराचसा रस्ता अंधारातच कापायचा असतो. दुसऱ्या पाळीचे लोक रात्री अकराला सुटतात, त्यांची तर सगळीच वाट काळोखी. अशा वेळी सायकलला दिवा असतो, पण तो दिसतो का, हे फार थोडे जण तपासतात.

मीही तपासलं नव्हतं. एका पहाटे गेटवर बरोबरच्या मित्राने विचारलं, "मागचा लाईट बंद पडलाय का रे तुझा? मला पार जवळ येईपर्यंत दिसला नाहीस." दिवा तर चालू होता, चार्जिंगही रात्रीच केलं होतं. मी त्याला माझ्या सायकलवर बसवलं, डब्याची पिशवी कॅरियरला होती तशीच ठेवली आणि तीस पावलं मागे चालत गेलो. लाल दिव्याचा मागमूस नाही. दिवा सीटखालच्या दांड्यावर, त्याच्या मागे कॅरियरवर फुगलेली पिशवी, आणि वरून स्वेटरची खाली आलेली कड. कित्येक महिने मी असा, मागून पूर्ण अंधारात, ट्रकांच्या पुढे सायकल चालवत होतो. त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: मागचा दिवा सोयीच्या जागी लावणं. कॅरियर असेल तर दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर हवा. कॅरियर नसेल तर सीटच्या दांड्यावर चालेल, पण रेनकोट घातल्यावर तो झाकला जातो का, हे पावसाळ्याआधी एकदा पाहून घ्या. दिव्याचं तोंड सरळ मागे हवं. सीटचा दांडा मागे कललेला असतो, त्यामुळे त्यावर तसाच बसवलेला दिवा खाली बघतो, आणि लहान दिव्यांचा झोत अरुंद असल्याने एवढ्याशा कलानेही तो निम्मा फिका पडतो. तपासायचं तर कुणालातरी सायकलवर बसवा, रोजचं सामान लादा आणि लांब जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसरा इलाज नाही.

मागे नुसतीच उघडझाप ठेवणं ही दुसरी चूक. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, हे खरं. पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने जातोय, हे मागच्या चालकाला त्यावरून नीट ठरवता येत नाही. ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. पन्नास मीटरवर तुम्ही दिसलात तर तिच्या हातात तीनच सेकंद असतात. त्यातलं एक अंदाज घेण्यात गेलं तर उरलं काय? शक्य असेल तर मागे दोन दिवे लावा, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा. एकच असेल तर मी स्थिर ठेवतो. काही दिव्यांत स्थिर प्रकाशावर मधूनच ठळक झोत येतो, तो प्रकार उत्तम.

पुढच्या दिव्याकडे वळू. इथे लोक लुमेनच्या आकड्याला भुलतात. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो रस्त्यावर पडतो की झाडांच्या शेंड्यांवर, हे त्या आकड्यातून कळत नाही. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या आसपास, जिथे रस्त्याचे दिवे चालू असतात, तिथे दुसऱ्यांना दिसण्यापुरते शंभर लुमेन पुरतात. काळोख्या रस्त्यावर खड्डा दिसायला हवा असेल तर तीन-चारशे खरे लुमेन लागतात. 'खरे' एवढ्यासाठी, की स्वस्त दिव्यांच्या खोक्यांवर हजारोंचे आकडे छापलेले असतात. ते ओळखायची सोपी खूण बॅटरीत सापडते. 18650 मापाच्या एका सेलमध्ये साधारण 3500 एमएएचपर्यंतच क्षमता असते. त्याच सेलवर 9900 लिहिलेलं दिसलं तर बाकीच्या आकड्यांवरही विसंबू नका.

ताशी वीस किलोमीटरने जाताना तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकता. खड्डा दिसला, हात ब्रेकवर गेला, सायकल थांबली, या सगळ्यात बारा-तेरा मीटर सहज जातात. म्हणजे प्रकाश पुढे निदान पंधरा मीटर पोचला पाहिजे. तो पोचावा म्हणून बरेच जण दिवा वर उचलतात, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. डोळे दिपलेला माणूस कुठे वळेल याचा नेम नसतो, आणि आपण त्याच्या अगदी जवळून जात असतो. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. झोताचा सगळ्यात उजळ भाग भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा थोडा खालीच पडला पाहिजे. वरची कड सरळ कापलेला झोत देणारे दिवे मिळतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलसाठी तसाच झोत लागतो. परवडत असेल तर पैसे लुमेनऐवजी त्यावर घाला. पहाटे नदीकाठी धुकं असेल तर पूर्ण झोत लावू नका, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

हँडलला पिशवी अडकवायची सवय असेल तर पुढचा दिवाही तसाच झाकला जातो, हेही बघा. रबरी पट्टा सैल झाला की खड्ड्यागणिक दिव्याची मान खाली जाते. जुन्या ट्यूबचा तुकडा पट्ट्याखाली गुंडाळला की घट्ट बसतो.

दिवा चार्जच होत नाही ही तक्रार नेहमीची. फेकण्याआधी केबल बदलून बघा. टाइप-सी भोक असलेले कित्येक स्वस्त दिवे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होतच नाहीत. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की लगेच होतात. चार्जिंग टिकत नसेल तर दिवा नेमका कुठल्या मोडवर चालतोय ते पाहा. खोक्यावरचे तास बहुतेक वेळा सगळ्यात मंद किंवा उघडझापीच्या मोडचे असतात, पूर्ण झोतावर त्याच्या कितीतरी कमी मिळतात. बॅगेत बटण दाबलं जाऊन दिवा आपोआप पेटणं हेही मोठं कारण आहे. आणि महिनोन्महिने वापरायचा नसेल तर लिथियम बॅटरी रिकामी ठेवू नका, निम्मी भरून ठेवा.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. दिवा किती पाणी सोसतो ते आयपीएक्स या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे सोसतो. नाशिकच्या जुलैतल्या पावसाला 5 किंवा 6 बरा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. ओला दिवा चार्जिंगला लावू नका, आधी पुसून रात्रभर वाळू द्या. काढता येणारे सेल असतील आणि टोकांवर हिरवट थर दिसला, तर बारीक पॉलिशपेपरने घासून काढा.

ज्यांच्याकडे अजून डायनॅमोची सायकल आहे त्यांनी ती मोडीत काढायची घाई करू नये. पावसात त्याची चकती टायरवर घसरते, तेवढी दाबून बसवावी. दिवा पेटत नसेल तर बल्बच्या आधी वायर तपासा, आणि डायनॅमो बसवलेल्या जागी फ्रेमवरचा रंग किंवा गंज खरवडा. बऱ्याच डायनॅमोंची एकच वायर असते, परतीचा करंट फ्रेममधूनच जातो. सायकल थांबली की हा दिवा विझतो, म्हणून आयटीआय सिग्नलला उभं राहताना मागे एक बॅटरीचा लाल दिवा हवाच.

रिफ्लेक्टर असताना दिवा कशाला, असं विचारणारे भेटतात. रिफ्लेक्टर समोरच्याचा झोत पडला तरच चमकतो; हेडलाईट बंद असलेला ट्रॅक्टर आडव्या रस्त्याने आला तर तो काहीच कामाचा नाही. पण दिव्याच्या जोडीला तो फार उपयोगी, विशेषतः पेडलवरचा. वर-खाली हलणारी चमक पाहून लांबच्या चालकालाही ही सायकल आहे हे लगेच समजतं. घोट्याला चमकती पट्टी बांधली तर तेच काम होतं. माझ्या मित्राने त्या दिवसानंतर दोन आणल्या, एक त्याला आणि एक मला. त्या पट्ट्या सायकलच्या हँडललाच गुंडाळलेल्या असतात, निघताना शोधाव्या लागत नाहीत.