पणजी ते लंडन: प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

पणजी ते लंडन हवाई अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर आहे. त्याला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागले की साडेआठ तासांच्या आत उत्तर येते. इंटरनेटवर हाच आकडा प्रवासाचा वेळ म्हणून सांगितला जातो, आणि वयस्क आईवडिलांना मुलांकडे पाठवणाऱ्या घरांची त्यामुळे अकारण तारांबळ उडते.

आधी कोणते अंतर हवे ते ठरवावे. पणजी-मुंबई हवाई अंतर जेमतेम चारशे किलोमीटर आहे, तर रस्त्याने ते सहाशेच्या घरात जाते.

घर ते विमानतळ हा टप्पा सोपा आहे. तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा आहे की दाबोळी ते पाहावे. मोप्याला जायला पणजीहून तासभर आणि मडगावहून दीड तास धरावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचावे. मुंबईत विमान बदलायचे असून दोन तिकिटे वेगवेगळी असतील, तर सामान पुन्हा घेऊन पुन्हा द्यावे लागते; तिथे पाच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये.

खरी अडचण तिकिटावरच्या वेळांची आहे. निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची, त्यामुळे दोहोंची थेट वजाबाकी करणे चूक आहे. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी 1.30 ला निघून लंडनला संध्याकाळी 6.00 ला उतरते. वजाबाकीने साडेचार तास येतात. पण हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असल्याने तिथे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 11.30 झालेले असतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा झाला. येताना लंडनहून रात्री 9.00 ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला मुंबईत उतरले, तर तो प्रवास नऊ तासांचाच असतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे येताना विमानाला पाठीमागून रेटतात.

हा साडेपाच तासांचा फरकही वर्षभर टिकत नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. मधल्या काळात फरक साडेचार तासांचा असतो. माझी आई नेमकी त्या ऑक्टोबरच्या रविवारी लंडनला उतरणार होती. भारतीय वेळेनुसार केलेल्या माझ्या टिपणात रात्रीचे 11.30 होते, त्यातून मी साडेचार तास वजा केले आणि भावाला संध्याकाळचे सात कळवले. विमान सहाला उतरले, आणि थंडीची शाल गुंडाळून, फोन लागत नाही म्हणून हातातली चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडत आई बाहेर ताटकळत राहिली. तेव्हापासून मी फरक पाठ म्हणत नाही. त्या तारखेला लंडनमध्ये किती वाजलेले असतील ते दर वेळी पाहतो, सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत कागदावर उतरवतो आणि मगच वजाबाकी करतो. तुम्हीही हाच क्रम ठेवावा.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाची तारीख दोनदा वाचावी. तिकिटावर 15 तारखेचे 00.40 असेल, तर घरातून 14 तारखेलाच निघायचे असते.

लंडनला उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांसाठी दीड तास धरावा, आणि न्यायला येणाऱ्याला विमान उतरण्याची वेळ लंडनच्या घड्याळानुसारच कळवावी.