कुजलेल्या वांकाला सागच कशाला?

होडी दुरुस्तीला काढली की नाखवे, म्हणजे होडीचे मालक, आधी वखारीत जाऊन साग घेतात आणि मग मला, सुताराला, बोलावतात. मागच्या मे महिन्यात एकाने असाच तीन इंची, सरळसोट सागाचा फळा आणून टाकला. कुजला होता वांक, म्हणजे होडीची बरगडी. म्हटलं, "नाखवा, याचा देव्हारा छान होईल. वांक नाही व्हायचा."

सरळ फळ्यातून वाकडा तुकडा कापला की लाकडाचे रेषे मध्येच तुटतात, आणि लाटेचा दणका बसला की चीर तिथूनच जाते. वांकाला लाकूड जन्माचं वाकडं हवं. आमचे आबा पुठ्ठ्याचा साचा काखेत मारून घाटावर जायचे आणि बांधावरच्या बाभळी बघत फिरायचे. खोडातून जाड फांदी फुटते त्या बेचक्यातला तुकडा साच्याला लागला की सौदा तिथेच. तशी बाभूळ मिळाली नाही तर मी ऐनाचं लाकूड घेतो. दोन्ही जड आणि चिवट, पण दोन्हींत तुरटपणा भरपूर. साधा लोखंडी खिळा मारलात तर भोवती काळं पडतं आणि खिळा गंजून झिजतो. जस्ताचा मुलामा दिलेलाच खिळा वापरा.

बाहेरच्या फळ्यांना मात्र साग. तो ओला-सुका होऊन फार फुगत-आकसत नाही, अंगात तेल असतं. पण नाव साग म्हणून भुलू नका. 1817 साली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधलेली ट्रिंकोमाली युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. ते लाकूड जुन्या जंगलातलं. आज वखारीत येतो तो बराचसा लागवडीचा, कोवळा, कडेला पांढरा. ही पांढरी पट्टी मला एकदा भोवली. दोन बोटांची तर आहे, रंगाखाली जाईल म्हणून फळी ठोकली. तिसऱ्या वर्षी नेमकी तेवढीच पट्टी भिजलेल्या बिस्किटासारखी हातात आली, बाकी फळी ठणठणीत. ती फळी मी पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून पांढरं दिसलं की तासून टाकतो, मग रुंदी कमी पडली तरी चालेल.

आंबा स्वस्त असतो, पण तो पायाखालच्या सुट्या फळ्यांपुरता. मलेशियन साल म्हणून मिळतं त्या एका नावाखाली लाकडं निरनिराळी येतात. सारख्या मापाचे दोन तुकडे उचलून बघा, जड तो घ्या.

कापण्याआधी कूज कुठवर गेली ते बघा. हातोडीने ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद. आवाज बदलला तिथे टोच्या खुपसा. सडकं संपलं असं वाटेल तिथून आणखी हातभर मागे कापा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि पावसाचं पाणी कुठे साचत होतं ते शोधा. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी होडीला जास्त कुजवतं. वरून फायबर चढवलेल्या होड्यांत तर ते आत शिरलं की बाहेर पडायला वाटच नसते. जोड सरळ टोकाला टोक लावून करू नका. तिरपा घ्या, दोन इंच जाडीला निदान सोळा इंच लांब.

राहिला प्रश्न वाळवणीचा. 1 जूनला मासेमारी बंद होते, 31 जुलैपर्यंत होडी शाकारलेली असते आणि सगळ्यांना दुरुस्ती तेव्हाच आठवते. मे महिन्यात घेतलेलं ओलं लाकूड भर पावसात कसं वाळणार? दिवाळीलाच घ्या. पडवीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं रचा आणि टोकांना रंग फासा, नाहीतर तिथून तडकतं. एक तुकडा बाजूला ठेवून पंधरा-पंधरा दिवसांनी वजन करत जा. वजन उतरायचं थांबलं की मला फोन करा.