ओमानच्या वीजपुरवठ्याचे नियोजन: सोलापूरच्या अभियंत्यांसाठी सराव

आखातात नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या अभियंत्यांनी वीज नियोजनाचा सराव करण्यासाठी ओमान निवडावा, कारण या आटोपशीर देशात गॅस, ऊन आणि वारा तिन्ही उपलब्ध आहेत. २०३० पर्यंत सुमारे ३० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

सुरुवात प्रकल्पांच्या यादीपासून करू नये. आधी मागणीचे तासागणिक तक्ते मांडावेत, एक जानेवारीचा आणि एक जूनचा. आपल्याकडे यंत्रमाग आणि कृषिपंप भार ठरवतात. तेथे तो एअर कंडिशनर ठरवतात, आणि ते सूर्यास्तानंतर थांबत नाहीत. मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅब कसा तापलेला असतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

मग प्रत्येक तासाच्या मागणीतून सौर वीज वजा करावी. समजा, दुपारी तीनला मागणी ६००० मेगावॅट आणि सौर वीज १५०० मेगावॅट आहे, तर उरतात ४५००. रात्री आठला मागणी ५४०० असेल, तर ती पूर्णच उरते. म्हणजे गॅसचे संच, राखीव क्षमता आणि बॅटरी आता रात्री आठच्या आकड्यावर ठरवावी लागते. सौर पॅनेल आणखी वाढवले, तरी गॅसची बचत होईल, पण हा आकडा हलणार नाही. बहुतेक कच्चे आराखडे येथेच फसतात.

इब्री येथील ५०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासारखा आकडाही जसाच्या तसा धरू नये. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली, तर १४ टक्के उत्पादन तेथेच जाते. धुळीची घट वेगळी. वाळवंटात धुण्यासाठी पाणी महाग असल्याने कोरड्या ब्रशच्या यंत्रांचा खर्च लावावा.

दक्षिणेकडील धोफारमध्ये ५० मेगावॅटचा पवन प्रकल्प आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे तेथेही ऐन उन्हाळ्यात जोर धरतात आणि रात्रीही वाहतात, म्हणून पवनऊर्जेला माझ्या मते अधिक वजन द्यावे. मात्र ती वीज उत्तरेला मस्कतपर्यंत नेणारी पारेषण वाहिनी किती भार पेलेल, हे आधी तपासावे.

संयुक्त अरब अमिरातीमार्गे असलेली शेजारी देशांची जोडणी अचानक बंद पडलेल्या संचाची भरपाई म्हणून धरावी, उन्हाळ्यातील नेहमीच्या तुटीसाठी नव्हे. त्या दिवसांत शेजाऱ्यांचीही मागणी तेवढीच चढलेली असते.