गाठ लागली हाताला: साधी की दुखण्याची?

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली लसिका ग्रंथीच, म्हणजे आसपासच्या भागातले जंतू अडवणारी छोटी गाठ. जखम भरली की हळूहळू ओसरते. म्हणून गाठ लागली की आधी तिच्या हद्दीत, ती राखते त्या भागात, कारण शोधा. जबड्याखाली असेल तर दात, हिरड्या, घसा. मानेमागे असेल तर केसांतले फोड, उवा. काखेत असेल तर हात आणि स्तन.

चाचपताना बोटांची टोकं खुपसू नका. दोन-तीन बोटांची पेरं ठेवून कातडीसकट हलकेच गोल फिरवा. मान त्याच बाजूला जराशी कलवली की स्नायू सैल पडतो. काख तपासताना हात खाली सैल सोडा. वर उचलला की काख ताणते आणि गाठ निसटते. दोन्ही बाजू ताडून पाहा, पण एकीनंतर एक. मानेत ठोके लागले तर ती धमनी. जबड्याखालची लाळग्रंथीही हमखास फसवते. ती सहसा दोन्हीकडे सारखीच लागते.

निरोगी ग्रंथी १ सेंमीच्या आत, मऊ, बोटाखाली सरकणारी. जांघेत दीड सेंमीपर्यंत चालते, कोपराच्या आतल्या बाजूला अर्ध्याच्या वर नाही. हासळीच्या हाडावरच्या खळगीत मात्र मापच काढू नका. तिथे गाठ लागली की डॉक्टर गाठायचे. डावीकडची तर पोटातल्या कॅन्सरचीही असू शकते.

दुखरी, गरम गाठ बहुधा जंतुसंसर्गाची. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटून घोस होतो, पुढे मऊ पडून फुटतात. रबरासारखी घट्ट असेल तर लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्याच कॅन्सरची शंका. दगडासारखी, जागची न हलणारी असेल तर पसरलेल्या कॅन्सरची. हा अंदाजच, निदान नव्हे. पण ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे सगळ्यात महागात पडतं.

साधी वाटणारी गाठ चार आठवड्यांत उतरली नाही तर दाखवा. वाढत असेल, ताप हटत नसेल, रात्री कपडे भिजवणारा घाम येत असेल किंवा सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटलं असेल तर तेवढंही थांबू नका.

सोनोग्राफीत चांगली ग्रंथी लांबट दिसते, मधे चरबीचा पांढरा पट्टा असतो. गोल झाली, पट्टा गेला की संशय. सुईच्या तपासणीत क्षय किंवा पसरलेला कॅन्सर बऱ्याचदा सापडतो. लिंफोमासाठी शक्यतो अख्खी गाठ काढून पाहावी लागते. त्याआधी स्टेरॉइड सुरू केलं तर गाठ आक्रसते, बरं वाटतं आणि निदान हुकतं.