स्वतःच्या नावाची पाटी लागण्याआधी

शेफ व्हायचे म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा दूरचित्रवाणीवरचा कोणीतरी चेहरा असतो. मी या व्यवसायात सोळा वर्षे आहे. त्यातली पहिली काही हॉटेलांच्या किचनमध्ये गेली आणि नंतरची बरीचशी स्वतःच्या दोन रेस्टॉरंटांत, ज्यांतले पहिले बंद पडले. या मुलांना मी फ्लॉईड कार्डोझ यांची कारकीर्द सनावळीसकट वाचायला सांगतो, कारण मुंबईतून निघून न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेल्या या शेफच्या आयुष्यात कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर आली, हे कळले की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

कार्डोझ यांचा जन्म 1960 मध्ये मुंबईत झाला. त्यांनी आधी जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला, मग मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटचे आणि पुढे स्वित्झर्लंडमधील ले रोश या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिक्षण घेतले. न्यूयॉर्कमध्ये लेस्पिनास या रेस्टॉरंटात शेफ ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली त्यांनी कित्येक वर्षे काम केले आणि 1998 च्या अखेरीस रेस्टॉरंट-व्यावसायिक डॅनी मायर यांच्या भागीदारीत ‘तबला’ उघडले, तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. भारतीय मसाले आणि पाश्चात्त्य पद्धतीचा स्वयंपाक एकत्र आणणाऱ्या या जागेने बारा वर्षे नाव टिकवले आणि 2010 च्या शेवटी ती बंद झाली. ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही स्पर्धा त्यांनी जिंकली ती त्यानंतर, 2011 मध्ये. आणि अंतिम फेरीत त्यांनी मांडला होता तो रानटी अळिंब्यांचा उपमा. म्हणजे घराघरांत ओळख मिळाली तेव्हा ज्या रेस्टॉरंटने त्यांना घडवले त्याला टाळे लागलेले होते. ही उलटी वाटणारी क्रमवारी नव्याने येणाऱ्याने नीट लक्षात ठेवावी.

शिक्षणाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते. बारावीनंतर एनसीएचएम-जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन सरकारी आयएचएममध्ये, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत, तीन वर्षांची पदवी घेता येते. तिथे फूड प्रॉडक्शन म्हणजे स्वयंपाकाबरोबर सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग हेही विषय शिकावे लागतात. किचनमध्येच जायचे ठरवलेली मुले उरलेल्या तीन विषयांना नाके मुरडतात. मीही मुरडली होती, आणि पुढे स्वतःच्या रेस्टॉरंटात टेबल किती मिनिटांत रिकामे होते याचे गणित मांडायची वेळ आली तेव्हा सर्व्हिसच्या वह्या शोधत बसलो होतो. इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष हॉटेलात शिकण्याचे, काही महिने मात्र अत्यंत मोलाचे असतात. त्या काळात ज्या विभागाची भीती वाटते तोच मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी शाळा त्यानंतर सुरू होते. मोठ्या हॉटेलांतील किचनची उतरंड ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलेल्या ब्रिगेड पद्धतीवर उभी आहे. आपल्याकडे तिची रूपे कॉमी थ्री, कॉमी टू, कॉमी वन (हे शिकाऊ मदतनीस), डीसीडीपी (सीडीपीचा हाताखालचा), सीडीपी (एका विभागाचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफच्या खालोखालचा) अशी चढत जातात. कॉमी थ्री म्हणजे काय, तर सकाळी कांदे, दुपारी कोथिंबीर आणि रात्री फ्रीज पुसणे. या कामाचा कंटाळा येतो हे मी नाकारत नाही. परंतु सर्व्हिस सुरू होण्याआधीची ही सगळी तयारी, जिला किचनमध्ये मिझाँ प्लास म्हणतात, तीच रात्री नऊ वाजता एकामागून एक केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, येऊ लागल्या की तुम्हाला तारते किंवा बुडवते. पासवर, म्हणजे तयार प्लेट बाहेर देण्याच्या ओट्यापाशी, उभा असलेला सू शेफ ओरडतो तेव्हा त्याला तुमच्या कल्पकतेत रस नसतो. चौथ्या टेबलच्या तिन्ही प्लेट एकाच क्षणी गरम याव्यात, एवढेच त्याला हवे असते.

दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. रात्री उशिरा चिकन स्टॉकचे चाळीस लिटरचे पातेले, काम लवकर आटपावे म्हणून, मी तसेच गरम गरम वॉक-इनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रीजमध्ये, ढकलले. एवढ्या खोल पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणू वाढायला तेच तापमान सोयीचे असते. म्हणून स्टॉक उथळ ट्रेमध्ये ओतून किंवा पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी झपाट्याने थंड करायचा असतो. सकाळी झाकण उघडले तर वर फेस आणि आंबूस वास. शेफने मला शिवी दिली नाही. त्यांनी एक कागद पुढे केला आणि हाडे, भाज्या, आठ तासांचा गॅस आणि दोन माणसांची मजुरी यांची बेरीज करायला लावली, आणि मग तो स्टॉक माझ्याच हातांनी मोरीत ओतायला लावला. त्या बेरजेचा आकडा मी अजून विसरलेलो नाही. सगळीकडे असे शेफ भेटत नाहीत, हेही खरे. एका हॉटेलात सलग सोळा-सोळा तासांच्या पाळ्या आणि अपमान हीच शिकवण्याची रीत होती. तिथून मी सात महिन्यांत बाहेर पडलो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. कष्ट आणि छळ यांतला फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे: आठवडाभर राबल्यावर हाताला काही नवे काम येऊ लागले आहे का, हे स्वतःला विचारावे.

सीडीपी होईपर्यंत माणूस बहुधा चवीचा विचार करतो. सू शेफ झाल्यावर त्याला पैशांचा करावा लागतो. माझ्या मते शेफ आणि रेस्टॉरंट चालवणारा शेफ यांच्यातली सीमारेषा इथेच आहे. समजा, बाजारातून आणलेला मासा 600 रुपये किलो आहे. डोके, काटे, कातडी गेल्यावर किलोमागे 450 ग्रॅम उरतो, म्हणजे वापरण्याजोगा मासा प्रत्यक्षात 1,333 रुपये किलोने पडला. 150 ग्रॅमच्या एका पोर्शनला केवळ माशाचेच 200 रुपये झाले. फूड कॉस्ट, म्हणजे विक्री किमतीतला कच्च्या मालाचा वाटा, तीस टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर बाकीचे साहित्य धरण्याआधीच या प्लेटची किंमत साडेसहाशेच्या पुढे जाते. आता जो कॉमी 150 ऐवजी 170 ग्रॅमचे तुकडे कापतो, तो प्रत्येक प्लेटमागे तुमचे सुमारे सत्तावीस रुपये पाहुण्याच्या हवाली करतो, आणि पाहुण्याला ते कळतही नाही. काट्यावर वजन करायला कंटाळणाऱ्याने स्वतःचे रेस्टॉरंट काढू नये, असे मी म्हणतो तेव्हा मुलांना ते कंजूषपणाचे वाटते.

उरलेल्या सत्तर टक्क्यांत भाडे, पगार, वीज, गॅस, फुटलेली क्रोकरी आणि जाहिरात बसवायची असते. त्यात आपल्याकडची एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलांतील रेस्टॉरंटे सोडली तर एरवी बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण आपण भाड्यावर किंवा उपकरणांवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. भाड्यावर लागणारा 18 टक्के कर हा सरळ तुमचा खर्च ठरतो. एफएसएसएआयचा अन्नसुरक्षेचा परवाना, अग्निशमन दलाची परवानगी, महापालिकेचे परवाने यांत जे आठवडे जातात, त्या काळातही भाड्याचे मीटर चालूच असते.

माझे पहिले रेस्टॉरंट छत्तीस खुर्च्यांचे होते आणि मेनूत अठ्ठावन्न पदार्थ होते. आता ते वाक्य लिहितानाही मला ओशाळल्यासारखे होते. अठ्ठावन्न पदार्थांची मिझाँ प्लास रोज करायची, त्यातल्या वीस पदार्थांना आठवड्यातून एखाद-दुसरी मागणी, आणि बाकी सगळे कचऱ्याच्या डब्यात. शनिवारी दारात रांग लागायची, म्हणून मंगळवारची रिकामी टेबले मला दिसत नव्हती. एकोणीस महिन्यांनी जागा सोडली तेव्हा करारातल्या लॉक-इनच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा न सोडण्याच्या, कलमामुळे अनामत रकमेचा मोठा भागही गेला. ते कलम मी सही करताना वाचले होते, पण आपल्यावर ती वेळ येईल असे वाटले नव्हते.

त्या दिवसांत कार्डोझ यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मला आधी वाचला त्याहून वेगळा दिसू लागला. स्पर्धा जिंकल्यानंतरही त्यांची वाट सरळ नव्हती. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली त्यांनी पाववाला उघडले, दोन वर्षांत त्याचे बॉम्बे ब्रेड बार केले आणि 2019 मध्ये तेही बंद झाले. त्याच वेळी मुंबईत 2015 पासून बॉम्बे कँटीन आणि 2017 पासून ओ पेद्रो ही त्यांच्या सहभागातली रेस्टॉरंटे गर्दीने भरत होती, आणि तिथला कारभार भागीदारांनी अंगावर घेतलेला होता. मार्च 2020 मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. नामांकित शेफच्याही जागा बंद पडतात, हे मला आधी ऐकून माहीत होते. पण प्रत्येक बंद जागेनंतर ते पुन्हा दुसऱ्या किचनमध्ये उभे राहिले, याकडे माझे लक्ष माझी जागा गेल्यावर गेले.

उपकरणे निम्म्या भावात विकून झाल्यावर मी नोकरी शोधू लागलो. ज्या किचनमध्ये सू शेफची जागा मिळाली, तिथला एक्झिक्युटिव्ह शेफ पूर्वी माझ्या हाताखाली कॉमी टू होता. पहिल्या दिवशी त्याला काय हाक मारावी हे मला सुचेना. मग इतरांसारखेच ‘शेफ’ म्हणालो आणि प्रश्न मिटला. त्याच्याकडे काम केलेल्या चौदा महिन्यांत, ब्रेक शिफ्टच्या, म्हणजे दोन तुकड्यांत विभागलेल्या पाळीच्या, मधल्या तीन तासांत, मी माझ्या दुसऱ्या रेस्टॉरंटचा मेनू लिहिला. त्यात सोळा पदार्थ आहेत, आणि प्रत्येकाच्या कार्डावर ग्रॅम लिहिलेले आहेत.