फ्रेंच मशीनगनबद्दल लिहिताना या चुका टाळा

फ्रेंच मशीनगनवरचे बहुतेक लेख थेट बंदुकीपासून सुरू होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. सुरुवात काडतुसापासून करा. १८८६ चं ८ मिमी लेबेल काडतूस जुन्या ११ मिमी ग्रा काडतुसाचं बूड कायम ठेवून बनवलेलं. त्यामुळे ते खाली जाडजूड, बुडाला बाहेर आलेली कडा आणि वर दोन टप्प्यांत निमुळतं. अशी वीस काडतुसं आडवी एकावर एक रचली तर थर सरळ राहत नाही, कमानीसारखा वळतो. पहिल्या महायुद्धातल्या शोशा या हलक्या मशीनगनचं अर्धचंद्री मॅगझिन त्यातूनच आलं.

या शोशाला ‘जगातली सर्वांत वाईट मशीनगन’ म्हणून मोकळं होणं ही दुसरी चूक, आणि मला सर्वांत खटकणारी. दोष होतेच. मॅगझिनच्या बाजूला उघड्या खिडक्या होत्या, काडतुसं किती उरली ते दिसावं म्हणून. खंदकातला चिखल त्यातूनच आत जायचा. सलग गोळीबारानंतर तापलेली नळी फुगून आवरणात अडकायची आणि ती थंड होईपर्यंत थांबावं लागे. पण त्या काळची जड फ्रेंच मशीनगन, हॉचकिस, सुमारे २४ किलोची, तिपाई वेगळी. शोशा जेमतेम ९ किलोची. धावत्या सैनिकाच्या हातात ती १९१६ मध्येच आली. सायकली बनवणाऱ्या ग्लॅडिएटर कारखान्यात ती तयार झाली आणि एकूण अडीच लाखांहून जास्त निघाल्या. तिच्या बदनामीचा मोठा वाटा अमेरिकन सैन्यासाठी .३०-०६ काडतुसावर बेतलेल्या १९१८ च्या आवृत्तीचा आहे. त्या गनची चेंबरच, म्हणजे नळीत काडतूस बसण्याची जागाच, नीट कोरलेली नव्हती, म्हणून रिकामी टोपणं (गोळी सुटल्यावर उरणाऱ्या काडतुसाच्या पुंगळ्या) आत रुतून बसत. हे दोन नमुने एकात मिसळू नका.

फ्रेंच अधिकारी रेफीच्या १८६६ च्या ‘मित्रेयूझ’ला पहिली मशीनगन म्हणू नका. फ्रेंचमध्ये आज मशीनगनला हाच शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो. ती २५ नळ्यांची, हाताने दांडा फिरवून चालवायची. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तिला तोफेसारखं लांबून वापरलं आणि तिचा प्रभाव वाया गेला.

फोटो ओळखताना अडलात तर नळीकडे बघा. मागच्या भागावर पाच जाड कडी दिसली तर ती हॉचकिस. कडी नसतील आणि चौकट पितळी असेल तर बहुधा १९०७ ची सँ-एतिएन. सरकारी शस्त्रागाराने हॉचकिसमध्ये सुधारणा करायला घेतली आणि गोळीमागच्या वायूने हलणारा पिस्टन उलट, पुढच्या दिशेने ढकलला. मग दातेरी चक्रं लागली, नळीखालची स्प्रिंग तापू लागली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आघाडीवर हॉचकिसच टिकली.

शेवटची गल्लत १९२४ आणि १९२९ ची. शातेल्रो शस्त्रागाराची लाइट मशीनगन १९२४ मध्ये ७.५ मिमीच्या, ५८ मिमी लांब टोपणाच्या काडतुसावर बेतली होती. १९२९ मध्ये टोपण ५४ मिमीचं झालं, म्हणून नाव २४/२९. लेबेलसारखी बुडाला बाहेर आलेली कडा या दोन्हीत नव्हती. २५ काडतुसांचं मॅगझिन वर बसतं. खाली दोन ट्रिगर आहेत, पुढचा एकेक गोळीसाठी, मागचा सलग गोळीबारासाठी.