पुढच्या शॉकअपची स्प्रिंग बदलताना: आधी सॅग मोजा, मग आकडा ठरवा

ब्रेक दाबला की मोटरसायकल नाक खाली घालते, खड्ड्यात फोर्क (पुढच्या दोन शॉकअपांची जोडी) शेवटपर्यंत जाऊन दणका देतो, की लगेच ‘हेवी ड्यूटी’ स्प्रिंग मागवली जाते. पाकिटावरच्या त्या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. बघायचा तो स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग १ मिमी दाबायला किती किलो भार लागतो तो आकडा. कधी तो न्यूटनमध्ये दिलेला असतो, ९.८१ ने भागला की किलोत येतो. आणि तो एका स्प्रिंगचा असतो, फोर्कच्या दोन्ही पायांचा (नळ्यांचा) मिळून दुप्पट धरायचा. काही गाड्यांत एकाच पायात स्प्रिंग असते, तिथे अर्थात दुप्पट करायचं नाही.

पहिलं काम सॅग मोजण्याचं, म्हणजे तुम्ही बसल्यावर फोर्क किती मिमी दबतो ते. फ्रेमखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि धूळसीलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंत फोर्क पाईप किती उघडा आहे ते मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, रोजचं हेल्मेट-जॅकेट घालून बसा, एकाला गाडी सरळ धरायला सांगा. हँडल दाबून पुढचा भाग हळू वर येऊ द्या आणि मोजा; नंतर उचलून हळू खाली बसू द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं जुळणार नाहीत, कारण सील आणि बुश पाईपला धरून ठेवतात. या दोन मापांची सरासरी काढा, चाक अधांतरी असतानाच्या मापातून वजा करा. तो तुमचा सॅग. दोन मापांत १५ मिमीहून जास्त फरक दिसला तर आधी वाकलेला पाईप, चुकीचा बसलेला एक्सल किंवा आवळलेलं सील शोधा. हा दोष नव्या स्प्रिंगने जात नाही.

रस्त्यावरच्या गाडीला साधारण १२० मिमी प्रवासात (फोर्क पूर्ण दबेपर्यंतच्या अंतरात) ३० ते ४० मिमी सॅग ठीक. जास्त आला की प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच किती मिमी दाबून ठेवली ते) वाढवून तो कमी करता येतो, आणि फसगत इथेच होते. समजा जुनी स्प्रिंग ०.७ ची, प्रीलोड २० मिमी, सॅग ४८ मिमी. म्हणजे स्प्रिंगांवरचा भार २ × ०.७ × (२० + ४८) = ९५ किलो. सॅग ३५ वर आणायला प्रीलोड ३३ केला, तर गाडीची उंची बरोबर येते, पण १२० मिमी पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगा २१४ किलोच पेलतात. त्याऐवजी ०.९ ची स्प्रिंग १८ मिमी प्रीलोडवर बसवली, तर सॅग तेवढाच राहतो आणि तळाशी २४८ किलो मिळतात. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर बसते. नवी स्प्रिंग १५ ते २० मिमी प्रीलोडवर योग्य सॅग देत असेल तर रेट बरोबर निवडला. त्यासाठी ३० लागत असेल तर स्प्रिंग मऊ; ५ मिमी प्रीलोडवरच योग्य सॅग येत असेल तर ती कडक.

जुन्या स्प्रिंगचे वेढे कापून ती कडक करण्याची युक्ती आहे खरी; वेढे कमी झाले की रेट वाढतोच. पण कापलेलं टोक सपाट बसत नाही, पाईपला आतून घासतं. तारेच्या जाडीचा परिणाम त्याहून मोठा आहे: बाकी सगळं तेच ठेवून ४.५ ऐवजी ४.७ मिमी तार घेतली तरी रेट सुमारे १९ टक्के वाढतो. म्हणून ‘दिसायला सारखीच’ स्प्रिंग व्हर्नियर लावल्याशिवाय घेऊ नका.

एकटे चालवत असाल तर सरळ (शेवटपर्यंत सारख्याच) रेटची स्प्रिंग घ्या, हिशेब स्वच्छ राहतो. कधी एकटे, कधी सामानासकट असं असेल तर प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तशी कडक होणारी) चालते. मात्र तिचे मऊ वेढे सॅगमध्येच खर्ची पडतात. कोणतीही घ्या, वेढ्यांची संख्या गुणिले तारेची जाडी करून बंद लांबी (सगळे वेढे टेकल्यावरची) काढा. मोकळ्या लांबीतून प्रीलोड आणि पूर्ण प्रवास वजा केल्यावर उरणारी लांबी या बंद लांबीपेक्षा जास्तच हवी, नाहीतर वेढ्यावर वेढा आपटेल.

स्पेसरचं (स्प्रिंग आणि झाकणामधल्या नळीचं) माप असं: फोर्क पूर्ण ताणलेला, आत स्प्रिंग आणि वॉशर. वॉशरपासून पाईपच्या काठापर्यंत ११२ मिमी, झाकण आत जातं २८ मिमी, हवा असलेला प्रीलोड १८ मिमी; तर स्पेसर ११२ − २८ + १८ = १०२ मिमी. दोन्ही तंतोतंत सारखे कापा, कडा कानसने साफ करा. राहिलेला कीस ऑइलमध्ये उतरतो. झाकण स्प्रिंगच्या जोरावर उडतं, तेव्हा उघडताना तोंड वर नको. बसवताना आधी उलटं फिरवून आटा ‘टक्’ करून बसला की मगच आवळा. तिरके गेलेले आटे पाईपसकट खर्चात घालतात.

ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, काठापासून खाली मोजतात. जाड तारेची स्प्रिंग जास्त ऑइल वर ढकलते, वरची हवा कमी उरते आणि फोर्क तळाशी अचानक ताठतो. असं झालं तर पातळी ५ मिमीने खाली घ्या. कडक स्प्रिंग परतही जोरात फेकते. खड्ड्यानंतर हँडल उसळत असेल तर १०W ऐवजी जास्त जाड १५W ऑइल घाला, रिबाउंडचा (फोर्क परत येण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू असेल तर आधी तोच फिरवा.

शेवटी पाईपला झिप टाय बांधून मोकळ्या रस्त्यावर कडक ब्रेक मारून बघा. सीलने ढकललेला टाय थांबल्यावर १० ते १५ मिमी प्रवास शिल्लक दिसला तर निवड जमली. ४० मिमी उरला असेल तर रेट एक पायरी खाली घ्या.